माझ्या मागची जागा

आमच्या स्टँडवर भाडं ठरलं की गाडी लगेच निघत नाही. आधी चहा होतो. बाहेरगावचा माणूस घाईत असतो, सारखा मोबाईलमध्ये वेळ बघतो, "अहो, निघू या ना" म्हणतो आणि आम्ही त्याला टपरीच्या बाकड्यावर बसवून ठेवतो. सोलापूरची माणसं किती अगत्याची, असं त्याला वाटतं. वाटू द्यावं. त्या चहात अगत्य अर्धंच असतं.

ही पद्धत मामांनी घातली. मामा म्हणजे स्टँडवरचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. त्यांचे वडील यंत्रमागावर होते. मामा घरात तेलुगू बोलतात, रस्त्यावर मराठी आणि रागावले की दोन्ही एकदम. ते रक्ताच्या नात्याने इथं कुणाचेच मामा नाहीत, पण सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांचं म्हणणं असं, की उभा माणूस काहीही थापा मारतो, पण खाली बसून गरम कप हातात घेतला की त्याला खोटं बोलायला जड जातं. मग मामा सुरू करतात. गाव कुठलं? घर गावाच्या कुठल्या अंगाला? तिथं पाण्याची टाकी बांधत होते, ती झाली का? बार्शीचा म्हणवणारा माणूस बार्शीच्या धान्यबाजाराची वाट सांगताना अडखळला, तर मामा आपल्या कपातला उरलेला चहा हळूच मातीत ओतून देतात. ही खूण. ती दिसली की ज्याचं भाडं असेल त्या ड्रायव्हरची गाडी अचानक सुरूच होईनाशी होते. बाकी चारचौघांनी त्या माणसाचं तोंड नीट बघून ठेवलेलं असतंच.

मी या चहाची पुष्कळ टिंगल केली आहे. "मामा, तुम्ही पोरगी बघायला आल्यागत विचारताय," असं म्हणायचो. मामा म्हणायचे, "पोरगी बगताना चूक झाली तर भांडणं हुत्यात. हितं चूक झाली तर माणूस जातं की."

एकटं गिऱ्हाईक असलं तर त्याला पुढं शेजारी बसवायचं, हाही मामांचाच नियम. ड्रायव्हरच्या बरोबर मागची जागा अनोळखी माणसाला द्यायची नाही. नियम सगळ्यांना होता, पण मला त्याचं वेगळं काही वाटत नव्हतं, कारण माझ्या गाडीत ती जागा तशीही कुणाला मिळत नसे. ती माझ्या आईची होती.

आई मैंदर्गीची, अक्कलकोटच्या पलीकडच्या कानडी बोलणाऱ्या गावची. लग्न होऊन सोलापुरात आली ती मराठी घरात. आजी, काका, वडील, सगळे मराठी. आई सगळ्यांशी मराठी बोलायची, भाजीवाल्याशी भांडायची तीही मराठीतच. कानडी बोलायची फक्त दोघांशी, देवाशी आणि माझ्याशी. मला ती 'तम्मा' म्हणायची. कानडीत धाकट्या भावाला म्हणतात, लाडानं पोरालाही म्हणतात. मी पन्नाशीला आलो, केस पिकले, तरी मी तम्माच होतो.

मी गाडी घेतली तेव्हा पहिल्या फेरीला तिला मैंदर्गीला नेलं. पुढचं दार उघडून दिलं तर बसेना. पुढं बसलं की रस्ता अंगावर येतो म्हणाली. मागं बसली, बरोबर माझ्या पाठीशी, आणि पुढं सगळी वर्षं तिथंच बसली. गाडी जरा पळायला लागली की माझ्या खांद्यावर दोन बोटं टकटक वाजायची. बोलायची नाही, नुसती बोटं. मी आरशात बघायचो तर ती खिडकीबाहेर बघत असायची, जशी काही बोटं दुसऱ्याच कुणाची होती. तिला तिच्या भावाच्या दारात सोडून मी परत निघालो की ती उंबऱ्यापासून गाडीपर्यंत यायची, काचेतून हात आत घालून माझ्या गालाला लावायची आणि म्हणायची, "सावकाश होगप्पा. होगि बा." हळू जा रे बाबा, जाऊन ये. आपल्याकडेही निघणाऱ्याला नुसतं जा म्हणत नाहीत, जाऊन ये म्हणतात. पण तिच्या तोंडचं 'होगि बा' ऐकलं की मला खरंच वाटायचं, आता आपल्याला काही होत नाही.

मागच्या सीटच्या पाठीवर तिनं स्वतःच्या हातानं टॉवेल घातले होते. जाड, पांढरे, हिरव्या काठाचे. गाडीच्या सीटचं रेक्झिन पाठीला चिकटतं अशी तिची तक्रार होती. सोलापुरात राहून सीटवर टॉवेल नाही म्हणजे काय, असंही तिचं म्हणणं. ती गेल्यावर मी बाकी सगळं बदललं, टायर बदलले, टेप बदलला, ते टॉवेल मात्र धुऊन धुऊन तेच घालायचो. आरसाही तिच्या उंचीला लावलेला होता तसाच ठेवला. त्यात मागचं काही धड दिसायचं नाही. ड्रायव्हर माणसानं असं करू नये, हे मला कळत होतं.

तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या तीन वर्षांत माझ्याशी कुणी कानडी बोललं नाही. आजोळी सख्खा मामाही उरला नाही, त्याची मुलं पुण्याला गेली. तसं सोलापुरात कानडी काय कमी आहे, बाजारात गेलं की कानावर पडतंच, पण ते दुसऱ्यांचं दुसऱ्यांशी चाललेलं असतं. मला उद्देशून कुणी बोलत नव्हतं. त्याची भूक असते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

अशात ते दोघे आले. थंडी सरत आली होती, दुपारची वेळ. एक चाळिशीचा, एक त्याहून लहान. कपडे स्वच्छ, हातात मिठाईचा पुडा. त्यातल्या मोठ्यानं मला नमस्कार केला आणि म्हणाला, "अण्णा, मैंदर्गिगे होगबेक्री." मैंदर्गीला जायचं आहे.

मी तिथंच विरघळलो. त्याचा हेल बरोबर आईचा होता. त्याची आई आजारी आहे म्हणाला, तेही कानडीत. मी त्याला कुठली गल्ली, कुणाचं घर, काही म्हणजे काही विचारलं नाही. उलट मीच सांगत सुटलो, की माझी आई तुमच्याच गावची. तो म्हणाला, मग तुम्ही आमचे भाचेच. गावाकडं आईच्या गावचा प्रत्येक माणूस मामा असतो, आणि मामाला 'तुझं घर कुठलं' असं विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर अपमान. ही आमची रीत.

मामांनी टपरीवरून हाक मारली, "चहा टाकलाय. बसा की पावणं."

मी म्हटलं, "ऱ्हाऊ द्या मामा. आमच्या आजोळची माणसं हायती. त्यास्नी काय चहा पाजून तपासताव?"

मामांच्या हातात कप होता. त्यांनी तो ओतला नाही, प्यायलेही नाहीत. मी गाडी काढली. धाकटा पुढं बसला आणि मोठ्यानं मागचं दार उघडलं. तो माझ्या बरोबर मागं बसला. मी बघितलं आणि काही बोललो नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. आईच्या जागेवर आईच्या गावचं माणूस बसलं होतं.

अक्कलकोटपर्यंत आम्ही बोलत होतो. म्हणजे मीच बोलत होतो. तीन वर्षांचं साचलेलं बोललो. अक्कलकोट मागं पडलं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी पुरुषभर उभी होती. धाकट्याला लघवीला लागली. मी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मागून काहीतरी मऊ माझ्या तोंडावरून खाली गळ्यावर आलं. धुतलेल्या कापडाचा वास आला. तो आमच्याच घरचा साबण होता. टॉवेल आहे हे कळेपर्यंत तो आवळला गेला होता.

पुढचं मला तुटक आठवतं. पाय डॅशबोर्डखाली आपटत होते. धाकटा माझे हात धरून होता आणि मागचा त्याला कानडीत सांगत होता, नीट धर. त्याच हेलात, त्याच आवाजात. मग काही नाही.

जाग आली तेव्हा मी ज्वारीच्या कडेला चरात पडलो होतो. गाडी नव्हती, फोन नव्हता, एक चप्पल नव्हती. घसा असा सुजला होता की थुंकी गिळता येईना. कसाबसा गुडघ्यांवर आलो तर बांधावर एक म्हातारी उभी. दोन शेळ्या, हातात पाण्याची प्लास्टिकची बाटली, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. ती माझ्याकडं आली, वाकली आणि म्हणाली, "अंजब्याड यप्पा. नीर कुडि." भिऊ नको रे बाबा, पाणी पी.

मी दगड उचलला आणि तिला मारला.

हे मी पुष्कळ दिवस कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. दगड लागला नाही, तिच्या पायाशी पडला, शेळ्या बुजून पळाल्या. ती ओरडली नाही. तिनं बाटली जमिनीवर ठेवली, टोपण उघडून ठेवली, आणि माघारी दहा पावलं जाऊन बसली. ती भ्यायली होती, मला दिसत होतं, तरी गेली नाही. मी ते पाणी प्यालो नाही. एका चपलेवर रस्त्याकडं पळत सुटलो. मला फक्त एवढंच ऐकू येत होतं, की मागून कुणीतरी कानडी बोलतंय.

ठाण्यात साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "भाड्यावरनं वाद झाला का?" मी मानेनं नाही म्हटलं. दुसरा प्रश्न, "दारू प्यायलावता?" तिसऱ्यात त्यांनी माझी मान उजेडाकडं वळवून बघितली आणि म्हणाले, "वळ कुटं हाय?" वळ नव्हता. चांगल्या सोलापुरी टॉवेलाचा वळ उठत नाही, इतका तो मऊ असतो. गळा आवळून मरता मरता वाचलेला माणूस आपल्या गळ्यावर खूण नाही म्हणून ओशाळून उभा राहतो, हे मी स्वतः करून बघितलं आहे. मला त्या साहेबांचा आजही राग येतो. चोरांचा येतो त्यापेक्षा जरा जास्तच येतो, कारण चोर माझे कुणी नव्हते, आणि ठाण्यात मी आपलं माणूस समजून गेलो होतो.

चारेक दिवसांनी गाडी सापडली, राज्याच्या हद्दीपलीकडं एका पडक्या शेडमागं, बॅटरी आणि चाकांविना. ते दोघे सापडले नाहीत. गाडी आणून दुरुस्त केली, दारातल्या लिंबाखाली लावली, वर कव्हर घातलं. बायको म्हणाली, आता पुरे. मला तिचं पटलंच. मेव्हण्याचं टॉवेल-चादरीचं दुकान आहे, तो म्हणाला, गल्ल्यावर बसा. मी म्हटलं, कुठलंही काम सांग, टॉवेल सांगू नकोस. शेवटी ओळखीच्या हार्डवेअरच्या दुकानात उभा राहायला लागलो. तिथं मला एक गोष्ट फार आवडायची. काउंटरच्या आत उभं राहिलं की पाठीला भिंत असते.

लोक भेटायला यायचे आणि शहाणपण सांगायचे. अनोळखी माणसाला गाडीत घेताच कशाला, असं एका शिकलेल्या गृहस्थांनी मला विचारलं. मी त्यांना म्हटलं, अनोळखी माणूस यालाच आम्ही भाडं म्हणतो. ओळखीचा माणूस फुकट येतो. त्यांना राग आला. येऊ दे.

तिकडं स्टँडवर बैठक झाली. मी गेलो नव्हतो, मामांनी येऊन सांगितलं. एकाचं म्हणणं, मध्ये लोखंडी जाळी बसवायची. दुसरा म्हणाला, मग गिऱ्हाईकाला कोंबडी समजून दाणे टाकायचे काय? एकानं मिरचीपूड सुचवली, तर त्याच्या शेजारच्यानं त्याला मागच्याच महिन्यात घरी मिरची कुटताना स्वतःच्या डोळ्यांत घालून घेतल्याची आठवण करून दिली. हसून झाल्यावर मात्र पक्कं ठरलं. बाहेरगावचं भाडं निघण्याआधी गिऱ्हाईकाचा फोटो काढून सगळ्यांच्या ग्रुपवर टाकायचा, आणि जो नको म्हणेल त्याला नको म्हणायचं. ड्रायव्हरच्या फोनचं लोकेशन घरी चालू ठेवायचं. गाडीला चोरस्विच बसवायचा, म्हणजे दुसऱ्या कुणी पळवली तर पुढच्या वळणाला बंद पडते. मागच्या सीटवर सुटं काही ठेवायचं नाही, ना टॉवेल, ना दोरी, ना चार्जरची लांब वायर. आणि सगळे मिळून ठाण्यात गेले. आधी तक्रार लिहून घ्या आणि मग काय ते प्रश्न विचारा, एवढंच मागितलं. आता टपरीच्या फळीवर एका अधिकाऱ्याचा नंबर खडूनं लिहिलेला आहे, आणि तो उचलला जातो.

मामांनी स्वतःसाठी एक काम घेतलं. बाहेरगावी गेलेल्या प्रत्येक गाडीला ते तासाला फोन करतात आणि एकच विचारतात, "मागं कोण हाय?" ड्रायव्हरनं सांगायचं, म्हातारा-म्हातारी हायती, शाळेचे मास्तर हायती, जे असेल ते. आवाज बदललेला वाटला की मामा पुढच्या गावातल्या ओळखीच्याला फोन करतात.

हे सगळं चांगलं होतं. पण माझं जे गेलं होतं ते यातल्या कशानं येणार नव्हतं. त्या दिवसापासून कानडी कानावर पडली की माझी मान आखडायची. दुकानात गिऱ्हाईक कानडीत बोललं की मी खिळे मोजायचं सोडून आतल्या खोलीत जायचो. तेही एक वेळ चाललं असतं. रात्री डोळे मिटून आईला आठवायला जायचो, तिचं ते काचेतून हात घालणं, गालाला लावणं, ओठ हलायचे तिचे, आणि आवाज यायचा त्या माणसाचा. नीट धर म्हणणारा. गाडी परत मिळाली होती, घसा बरा झाला होता, पण आईचा आवाज त्यांनी नेला तो नेला. पन्नाशीचा माणूस आईसाठी रडतो हे सांगायला लाज वाटते. मी रडायचो.

आठ महिने झाल्यावर एके दिवशी मामा दुकानात आले. काउंटरवर हात ठेवून म्हणाले, "गाडी सडाय लागली तुजी. लिंबाच्या काड्यांनी भरलीया. कदी येतुयास?"

मी म्हटलं, "येत न्हाय मामा. मागं माणूस बसलं की माज्यानं व्हायचं न्हाय."

"भ्या कशाचं वाटतंय? मरायचं?"

मग मी त्यांना दगडाचं सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक, ते आठ महिने नुसतं आत बसलं होतं. पाणी पाजणाऱ्या बाईला मी दगड मारला. मामांनी खोक्यातला एक खिळा उचलला, परत ठेवला. मग म्हणाले, "मग आदी तिकडं जा की. भाडं मागनं बगू. त्या बाईला वाटत आसंल, रस्त्यावरचं माणूस पाणी दिलं तर दगड मारतंय."

दुसऱ्या दिवशी मी गाडी झाडली. बायको दारात उभी होती, लोकेशन चालू केलंय का एवढंच तिनं विचारलं. मामांना फोनवर कळवून मी एकटाच निघालो. अक्कलकोट ओलांडल्यावर पाय जड झाले. आता रानात ज्वारी नव्हती, तूर होती, कमरेएवढी, आणि रस्त्यावरून लांबवर दिसत होतं. ती जागा ओळखू आली. बांधापलीकडं पत्र्याचं एक घर होतं, ते त्या दिवशी ज्वारीत दिसलं नव्हतं.

म्हातारी दारात बसून शेळ्यांसाठी गवत निवडत होती. मला बघून उठली. तिनं मला ओळखलं, कारण एका हातानं तिनं शेळीचं दावं जवळ ओढलं आणि दुसऱ्या हातातला विळा खाली ठेवला नाही. मी जागच्या जागी थांबलो. दोन्ही हात तिला दिसतील असे पुढं धरले. आठ महिने मी जगाला भीत होतो, आणि माझ्यासमोर एक बाई मला भीत उभी होती.

मी मराठीत म्हटलं, आजी, मी तो. तिला मराठी फारशी येत नसावी, ती तशीच उभी राहिली. मग मला कळलं, की हे कानडीतच बोलावं लागणार. घसा आवळल्यासारखा झाला, अगदी त्या दिवशीसारखा. मी थुंकी गिळली आणि तिचाच शब्द तिला परत दिला.

"अंजब्याड, अव्वा." भिऊ नको, आई.

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. दारातल्या दगडाकडं बोट केलं, बस. आत गेली. विळा हातात घेऊनच गेली. बऱ्याच वेळानं शेळीच्या दुधाचा चहा घेऊन आली, कप माझ्या हातात दिला आणि समोर बसली, विळा मांडीवर ठेवून. मग म्हणाली, "याव ऊरप्पा निंदु?" तुझं गाव कुठलं?

मी सोलापूर म्हटलं. सोलापूर फार मोठं आहे, त्यानं काय कळणार, असं तिचं म्हणणं पडलं. आईचं गाव कुठलं? मैंदर्गी म्हटल्यावर तिनं पुढं विचारलं, गावात घर कुठं, विहिरीच्या अलीकडं की पलीकडं? आजोबा काय करत होते? आई वारली तेव्हा माती कुठं दिली, सोलापुरात की गावाकडं? मी एकेक सांगत गेलो. चहा कढत होता, गोड होता, खोटं बोलायची सोयच नव्हती. आजोळच्या दारातलं चिंचेचं झाड सांगितलं, मामाच्या लग्नात पडलेला मांडव सांगितला, आईला तिथं लहानपणी काय हाक मारायचे तेही सांगितलं. कानडीत सांगितलं. आधी अडखळत, मग सरळ. मध्येच मला मामांची आठवण झाली आणि हसू आलं. या बाईला चहाची पद्धत कुणी शिकवली नव्हती.

कप रिकामा झाला तेव्हा तिनं विळा मांडीवरून उचलून पत्र्याला खोचला.

त्या दिवसानंतर ती चार दिवस रस्त्यावर येऊन बघत होती, असं तिनं सांगितलं. मी कुठं पुढं जाऊन मरून पडलो की काय, असं तिला वाटलं होतं. बाटली तशीच ठेवली होती तिनं तिथं, परत येईल म्हणून. मी तिचे पाय धरले. ती म्हणाली, मार लागलेलं जनावरसुद्धा चावतं, त्यात काय एवढं.

तिला डोळे दाखवायला अक्कलकोटला जायचं होतं. रोज उद्यावर टाकत होती. मी म्हटलं, बस, सोडतो. एकटं माणूस पुढं बसवायचं या नियमानं मी पुढचं दार उघडून धरलं. ती माझ्याकडं बघतही नव्हती. तिनं मागचं दार स्वतःच ओढलं, पिशवी आत टाकली आणि सरकत सरकत बरोबर माझ्या पाठीशी जाऊन बसली.

मी थोडा वेळ बाहेरच उभा राहिलो. मग आत बसलो. किल्ली फिरवली. आरसा मात्र आईच्या उंचीला लावलेला होता, गॅरेजवाल्यानंही हलवला नव्हता, आणि त्यात म्हातारीचं कपाळ, डोळे, पदर, सगळं नीट दिसत होतं. गाडी वळणावर आली की ती आधारासाठी माझ्या सीटची वरची कड धरायची. तिची बोटं माझ्या मानेला लागायची. खरखरीत, गवताचा वास असलेली. पहिल्या वळणाला मी श्वास धरून बसलो. दुसऱ्या वळणाला धरला नाही. तिसऱ्याला गाडी जरा पळत होती, आणि ती मागून म्हणाली, "सावकाश."

अक्कलकोटला दवाखान्याच्या दारात ती उतरली. परत कशी जाणार विचारलं तर म्हणाली, पुतण्या येणार आहे. पिशवी काखेत घेतली, दोन पावलं गेली, परत आली. काचेतून हात आत घातला. गालाला लावला नाही, खांद्यावर ठेवला.

"सावकाश होगप्पा," ती म्हणाली. "होगि बा."

ती आत गेली तरी मी तिथंच बसून होतो. डोळे मिटले. उंबरा दिसला, काच दिसली, आईचा हात दिसला. ओठ हलले आणि आवाज आला. तिचाच.

तेवढ्यात फोन वाजला. पुन्हा एक तास झाला होता. मामा नेहमीसारखे एका दमात म्हणाले, "मागं कोण हाय?"

मला आधी बोलताच येईना. आवाज बदललेला वाटला की मामा पुढं काय करतात ते आठवलं, म्हणून घाईघाईनं बोललो.

"आई हुती मामा. आत्ताच उतरली."

माझ्या आईला मामांनी स्वतः खांदा दिला होता. पलीकडून टपरीवरचा कपबश्यांचा आवाज येत राहिला.

"बरं," मामा म्हणाले. "चहा टाकाय सांगतो. ये."